सीबीसीच्या कागदावर हृदय किती दिसतं?

फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.

नमस्कार मंडळी. आमंत्रण द्यायला आलेल्या काकांनी मला त्यांच्या मोबाइलवर फिरत आलेला एक मजकूर दाखवला. घरात पडलेला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट काढा, न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्यानं भागा, उत्तर तीनच्या वर आलं तर हृदयाच्या नळ्या तुंबल्यात असं समजा आणि अँजिओग्राफी करून घ्या. मी म्हटलं, काका, यातला भागाकार बरोबर आहे. त्यापुढचं सगळं घाईचं आहे. पण हे कुणी हवेतून काढलेलं नाही. यामागे खरं संशोधन आहे, चांगलं संशोधन आहे, आणि म्हणूनच त्यावर तासभर बोलायला मी आले.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या फाइलमध्ये सीबीसीचे पाच-सहा तरी कागद असतील. ताप आला, सीबीसी. मोतीबिंदूचं ऑपरेशन, सीबीसी. हिमोग्लोबिन बघायचं आणि कागद परत फाइलमध्ये. त्याच कागदावर पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार टक्क्यांत लिहिलेले असतात. निरोगी मोठ्या माणसात न्यूट्रोफिल साधारण ४० ते ७५ टक्के, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, उरलेल्यात मोनोसाइट, इओसिनोफिल आणि कुठेतरी एखादा बेसोफिल. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर गुणोत्तर २. यालाच एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. वेगळी तपासणी नको, वेगळा खर्च नको. जगभरच्या संशोधकांना याची भुरळ का पडली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता हे आकडे येतात कुठून, ते जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वॉलेस कोल्टर नावाच्या अमेरिकन माणसानं पेशी विजेच्या मदतीनं मोजायच्या तंत्राचं पेटंट १९५३ मध्ये मिळवलं. एका बारीक छिद्रातून एकेक पेशी जाते, जाताना विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, आणि जेवढी पेशी मोठी तेवढा अडथळा मोठा. आज तालुक्याच्या लॅबमधलं यंत्रही मुळात याच तत्त्वावर चालतं. त्याआधी सगळं हातानं. काचेच्या पिपेटमध्ये रक्त तोंडानं ओढून घ्यायचे. हो, तोंडानंच! आज कुणी तसं केलं तर त्याला मी लॅबच्या बाहेर काढीन.

पण यंत्राला शंका आली की आम्ही अजूनही काचपट्टीच पाहतो. रक्ताचा थेंब पट्टीवर ओढून पातळ थर करायचा, वाळला की लिशमन स्टेन हा रंग घालायचा, आणि तेलाच्या भिंगाखाली बघत बसायचं. न्यूट्रोफिल ओळखायला सोपा. त्याचं केंद्रक जांभळं आणि तीन-चार तुकड्यांत वाटलेलं, तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले, भोवती फिकट गुलाबी रवाळ द्रव्य. लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ सगळं गोल गडद केंद्रकच, कडेला निळसर पातळ पट्टी. डाव्या हाताशी मोजायचं यंत्र, प्रत्येक पेशीला त्याची कळ, आणि शंभर झाल्या की घंटी वाजते.

शंभर. हा आकडा लक्षात ठेवा. एकाच माणसाच्या एकाच पट्टीवर मी शंभर पेशी मोजल्या आणि न्यूट्रोफिल ६० आले, तर निव्वळ योगायोगाच्या हिशेबानं खरा आकडा ५० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो. लिम्फोसाइट ३० आले तर खरे २१ ते ४०. आता भागाकार करा. कागदावर २ दिसतो, पण तो सव्वाही असू शकेल आणि तीनच्या वरही. यंत्र हजारो पेशी मोजतं, म्हणून तिथं ही चूक पुष्कळच कमी होते. पण छोट्या लॅबमधली काही यंत्रं पेशींचे पाच नाही, तीनच गट करतात, आणि न्यूट्रोफिलसारख्या रवाळ पेशी सगळ्या एकाच खात्यात टाकतात. तुमचा जुना कागद कशावर मोजलेला होता, हे त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलंही नसतं.

बरं, पांढऱ्या पेशींचा हृदयाशी काय संबंध? हृदयरोग म्हणजे तेल-तूप, कोलेस्टेरॉल, नळीत साचलेली चरबी, असंच आपण ऐकत आलो. पण रुडॉल्फ फिरखो या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सांगितलं होतं की रोहिणीच्या भिंतीत जे चाललंय तो दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, आहे. आमच्या शाखेचा मूळपुरुषच तो, म्हणून जरा अभिमानानं सांगते. पुढे शंभर वर्षं कोलेस्टेरॉलनं सगळी जागा व्यापली. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या पांढऱ्या पेशी आधीपासूनच जास्त होत्या, त्यांना पुढे हार्ट अटॅकही जास्त आले. त्यात सिगरेटचा वाटा मोठा होता. धूम्रपानानं पांढऱ्या पेशी वाढतात, हे आम्ही रोज बघतो. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी रोहिणीकाठिण्य, म्हणजे रोहिण्यांच्या भिंती जाड आणि कडक होणं, हा दाहाचाच आजार आहे अशी सविस्तर मांडणी केली, तेव्हा कुठे ही गोष्ट सर्वमान्य झाली. आणि २००१ मध्ये झाहोरेक या स्लोव्हाकियातल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं हे गुणोत्तर सुचवलं. हृदयासाठी नव्हे हं. शरीरावर किती ताण आलाय, ते चटकन कळावं म्हणून.

ताण हा शब्द मी मुद्दाम वापरला. शरीरावर संकट आलं की कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन वाढतं. एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल त्यामुळे सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतूनही नवे येतात. त्याच वेळी लिम्फोसाइट रक्तातून निघून दुसरीकडे जातात, काही मरतात. म्हणजे वरचा आकडा वाढतो, खालचा घटतो, आणि गुणोत्तर दोन्ही बाजूंनी फुगतं. हेच त्याचं बळ आणि हीच त्याची अडचण.

आता नळीच्या आत काय होतं ते बघू. भिंतीत शिरलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल तिथं खराब होतं. ते उचलायला मोनोसाइट आत जातात, खात राहतात, फेसाळ दिसणाऱ्या पेशी होतात आणि तिथंच अडकतात. गाठ तयार होते. ही गाठ वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. ती फुटते किंवा तिचा पापुद्रा झिजतो, तेव्हा रक्त गोठून नळी बंद पडते. तिथं न्यूट्रोफिलचं काम आहे. २००४ मध्ये असं कळलं की जंतूंना अडकवण्यासाठी न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. तेच जाळं रोहिणीत पडलं तर त्यावर प्लेटलेट चिकटतात आणि गुठळीला आधार मिळतो. अटॅक येऊन गेल्यावरही गोष्ट संपत नाही. २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की हृदयाला इजा झाली की अस्थिमज्जा आणि प्लीहा जोरात कामाला लागतात आणि नव्या पेशी दुसऱ्या ठिकाणच्या गाठींमध्ये जाऊन तिथला दाह वाढवतात. पहिल्या अटॅकनंतरचा काळ धोक्याचा का, याचं एक उत्तर इथं मिळतं.

आता तीव्रतेकडे येऊ, कारण काकांच्या मोबाइलवरचा मजकूर तिथूनच आलेला. अँजिओग्राफी झाल्यावर नळ्यांचा आजार किती, हे गुणांत मांडायच्या पद्धती आहेत. गेन्सिनी यांची १९८३ मधली पद्धत: नळी जितकी अरुंद तितके गुण, १, २, ४, ८, १६ आणि पूर्ण बंद असली की ३२, आणि मग ती जागा किती मोलाची त्याप्रमाणे गुणाकार. डाव्या मुख्य रोहिणीला पाचपट. दुसरी पद्धत सिंटॅक्स स्कोअर. २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ आणि वर जास्त. स्टेंट घालायचा की बायपास करायची, हे ठरवताना हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन हा स्कोअर बघतात. संशोधकांनी काय केलं, तर अँजिओग्राफीला आलेल्या रुग्णांची सीबीसी घेतली, एनएलआर काढला आणि या गुणांशेजारी ठेवला. तुर्कस्तान, चीन, भारत, सगळीकडे असे अभ्यास झाले. बहुतेकांचा निष्कर्ष एकच: ज्यांचा आजार जास्त, त्यांचा सरासरी एनएलआर जास्त.

सरासरी! मंडळी, सगळी गोम इथं आहे. दोन गटांची सरासरी वेगळी असली, तरी त्या गटांतली माणसं एकमेकांत पुष्कळ मिसळलेली असतात. नळ्या स्वच्छ असलेल्या कुणाचा एनएलआर साडेतीन असतो, तीन नळ्या तुंबलेल्या कुणाचा दीड. कुठल्या आकड्यावर रेघ मारायची, हेही अभ्यासागणिक बदलतं. कुणी दोनच्या थोडं वर मारतो, कुणी तीनच्या, कुणी चारच्या. रेघ आधी ठरवून पुढच्या रुग्णांत ती तपासली, असं फार थोड्यांनी केलंय. बहुतेकांनी आपल्याच रुग्णांत सोयीची जागा शोधलीय. आणि एक विचारायला हवं, रक्त कधी घेतलं? छातीत कळ येऊन माणूस कॅज्युअल्टीत आला, घामाघूम झालाय, घाबरलाय, हृदयाचा स्नायू मरतोय. त्याचा एनएलआर वाढणारच. तो आकडा नळीबद्दल बोलतोय की त्या तासाबद्दल, हे वेगळं कसं करणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा गलका लांबूनही ऐकू येतो, पण कुठल्या बाईकडे कुठलं नुस्तं, म्हणजे मासळी, काय भावात आहे, ते त्यावरून कळत नाही. एनएलआरचं तसंच आहे.

म्हणून त्याला किंमत नाही असं मात्र नव्हे. हृदयरोगाच्या पाच मोठ्या औषधचाचण्यांतल्या साठ हजार लोकांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. तिथं सुरुवातीचा एनएलआर जास्त असणाऱ्यांना पुढे हृदयाचे झटके आणि मृत्यू जास्त होते, आणि हा संबंध पाचही चाचण्यांत टिकला. हे काही तुरळक शंभर-दोनशे रुग्णांचं काम नाही. अटॅक घेऊन आलेल्या रुग्णाचा एनएलआर आठ-दहा असेल तर वॉर्डातला डॉक्टर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवेल, आणि ठेवावंच. आजार आहे हे माहीत असलेल्या माणसात हा आकडा भर घालतो. आजार आहे की नाही हे शोधायला तो पुरत नाही.

बाकीची मंडळी झटपट सांगते. प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट म्हणजे पीएलआर. प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट म्हणजे एसआयआय. मोनोसाइट भागिले एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, हा एमएचआर. एचडीएल भिंतीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायला मदत करतं, म्हणून या शेवटच्या गुणोत्तराला काहीतरी अर्थ तरी आहे. बाकी कधी कधी वाटतं, कागदावरचे कुठलेही दोन आकडे घ्या आणि भागा, एखादा शोधनिबंध निघतोच. आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारातली तफावत, हा आकडा मात्र मला आवडतो. २००७ मध्ये हृदय अशक्त झालेल्या रुग्णांमध्ये तो वाढलेला असणं वाईट लक्षण ठरतं असं दिसलं, आणि नंतर ते पुन्हापुन्हा दिसलं. पण लोह कमी असलं तरी तो वाढतो, बी-१२ कमी असलं तरी वाढतो. आपल्याकडे किती बायकांना लोह कमी आहे, ते मी काय सांगू? त्यांनी आरडीडब्ल्यू बघून हृदयाची धास्ती घ्यायची?

एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, हे तर आमच्या लॅबवाल्यांचं दुखणं. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. त्यात प्लेटलेट हळूहळू फुगतात. सकाळी आठला काणकोणात घेतलेलं रक्त अकराला मडगावच्या लॅबमध्ये मोजलं, तर एमपीव्ही वाढलेला येऊ शकतो. रुग्णाचं काही बिघडलेलं नसतं, फक्त नळीनं प्रवास केलेला असतो. एमपीव्हीवरचा शोधनिबंध हातात आला की मी आधी रक्त काढल्यापासून किती वेळात मोजलं ते शोधते. लिहिलेलं नसेल तर पुढे वाचत नाही.

आता आपल्या गोव्याचं. मिरगानंतर आमच्या लॅबमध्ये रांग लागते, आणि त्या महिन्यांतल्या सीबीसीवरून हृदयाचं काही ठरवायला जाऊ नये. डेंगीत पांढऱ्या पेशी घटतात, न्यूट्रोफिल खाली जातात, लिम्फोसाइटचं प्रमाण वाढतं, म्हणजे एनएलआर खाली. हृदयाचा रुग्ण खुश व्हायचा, अरे वा, एकच आला! आणि प्लेटलेट असतात साठ हजार. शेतात, चिखलात काम करणाऱ्याला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, झाला तर नेमकं उलट, न्यूट्रोफिल चढतात. सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत जंगलात जाणाऱ्यांना क्यासनूर जंगलताप होतो. २०१५ पासून तिथं त्याचे रुग्ण सापडतात. त्यातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर एनएलआर पाच-सहा सहज होतो. बऱ्याच जणांना तर आपण घेतो त्या पुडीत स्टिरॉइड आहे, हेच ठाऊक नसतं. किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या, रात्रीची झोप न होणं, एवढंच कशाला, रक्त द्यायच्या आधी जोरात चालून आलात तरी फरक पडतो.

मग दाह कमी केला तर हृदयरोग कमी होईल का? याचं उत्तर मिळायला बराच वेळ लागला. २०१७ मध्ये कँटॉस नावाची चाचणी झाली. अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन, २ किंवा त्याहून जास्त असलेले दहा हजार रुग्ण. त्यांना दाहाच्या साखळीतली एकच कडी तोडणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जराही बदललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसनं पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. फिरखोचं म्हणणं दीडशेहून जास्त वर्षांनी माणसात सिद्ध झालं. पण त्या औषधानं जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग थोडे वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि किंमत तर विचारूच नका. मग मेथोट्रेक्सेट या स्वस्त गोळीची चाचणी झाली, तिचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे दाह कुठूनही दाबून चालत नाही, नेमकी कडी पकडावी लागते.

त्यानंतर आलं कोल्चिसिन. गाऊट या सांधेदुखीचं जुनं, स्वस्त औषध. तुम्ही त्याच्या झाडाला ओळखता. चवथीला गणपतीवर टांगतो त्या माटोळीत कळलावीची लाल-पिवळी फुलं बांधतो ना आपण, कुणी वाघनखी म्हणतात, तिच्यात कोल्चिसिन असतं. आताच सांगून ठेवते, ती वनस्पती जहाल विषारी आहे. हे ऐकून कुणी तिचा कंद उगाळून घेऊ नये, माणूस मरतो. औषध म्हणून दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. २०१९ मध्ये नुकताच अटॅक येऊन गेलेल्यांत त्यानं २३ टक्के फायदा दाखवला, २०२० मध्ये जुना स्थिर आजार असलेल्या साडेपाच हजार रुग्णांत ३१ टक्के. अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयासाठी मान्यताही मिळाली. आणि २०२४ मध्ये सात हजार रुग्णांची आणखी मोठी चाचणी आली, अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनची, आणि तिच्यात फायदा दिसलाच नाही. माझं मत विचाराल तर स्थिर आजारात निवडक रुग्णांना ते चालावं, सरसकट नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

कँटॉसच्या रुग्णांचे एनएलआरही नंतर पाहिले गेले. कॅनाकिनुमॅबनं तो खाली आला. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी मात्र त्याला हात लावला नाही. म्हणजे हा आकडा कोलेस्टेरॉलहून वेगळं काहीतरी मोजतो. पण एनएलआर पाहून कुणाला औषध द्यायचं ते ठरवलं आणि त्याचा रुग्णाला फायदा झाला, असं अजून कुणी दाखवलेलं नाही. दाखवलं की मी पुन्हा येईन बोलायला.

प्रश्न बरेच आलेत, दोनच घेते. एका बाईंनी विचारलं, त्यांच्या नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी दोन वर्षं दहा-अकरा हजारच येतात, ताप नाही, काही नाही. बाई, ते सिगरेट ओढतात का? मान हलवलीत, म्हणजे ओढतात. मग आधी ती थांबवा. ओढणं सुटलं की पेशी हळूहळू खाली येतात. हिरड्या डेंटिस्टला दाखवा, साखर तपासा, कमरेचा घेर मोजा. पोटावरची चरबी स्वतःच दाह चालू ठेवते. एवढं करूनही आकडा वर राहिला, तर काचपट्टी बघून घ्या, कारण क्वचित रक्ताचाच आजार निघतो. आणि दरवर्षी फ्लूची लस घ्या. २०१८ मधल्या कॅनडाच्या एका अभ्यासात फ्लू झाल्याचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं होतं. दाह आणि हृदय यांचा याहून सरळ पुरावा मला सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न, छातीत दुखलं तर जवळच्या लॅबमध्ये सीबीसी आणि एनएलआर करून मग डॉक्टरकडे जावं का. अजिबात नको. १०८ लावा आणि ईसीजी जिथं निघतो तिथं जा. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. स्टेमी गोवा योजनेत (स्टेमी म्हणजे नळी पूर्ण बंद पडून आलेला मोठा अटॅक) तालुक्याच्या केंद्रावरचा ईसीजी तिथल्या तिथं वाचला जातो, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या ट्रोपोनिनसाठी रक्त तिथंच घेतात. जांभळ्या टोपीची नळीही त्याच सुईतून भरली जाते, तुम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.